वेशीबाहेरचे लाडू

रविवारी सकाळी दही काढायला फ्रीज उघडला, तर कोथिंबिरीच्या मागे फॉइलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. वीतभर उंच, वर निमुळतं. मला वाटलं, ईराचा शाळेतला काही प्रकल्प असेल. फॉइल सोडलं तर आत लाल रंगाचा पिठाचा सुळका, आणि त्यावर लोण्याची फुलं, थोडी चेपलेली. भाजलेल्या जवाचा आणि किंचित खवट लोण्याचा वास आला. चाळीस वर्षांत हा वास नाकाला शिवला नव्हता, तरी ओळख पटायला वेळ लागला नाही. दार उघडं धरून मी इतका वेळ उभी राहिले की फ्रीज कुरकुरायला लागला.

"असू दे ते तिथंच," आई बाहेरून म्हणाली. "लाडवांचं आहे."



हे घरात कसं आलं ते आधी सांगते. गेला आठवडाभर इथं सिंगापुरात, नोव्हेना भागातल्या एका सभागृहात लडाखहून आलेले सात लामा मुक्कामाला होते. रोज पूजा, मंत्रपठण, रंगीत वाळूचं मंडल. ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून कळलं आणि मी आईला घेऊन गेले. मी दिवसभर वन-नॉर्थला प्रयोगशाळेत, नवरा जहाजावर मरीन इंजिनिअर, लेक शाळेत, आणि आई जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये बाराव्या मजल्यावरून खालची माणसं बघत बसलेली. तिला जरा बरं वाटावं एवढाच माझा हेतू होता. शुक्रवारी शेवटची पूजा झाली. झांजा आणि ढोल वाजवत लामांनी पूजेतले तोरमा बाहेर नेले आणि मागच्या आवारात एका मोठ्या झाडाखाली ठेवून आले. आई म्हणाली, जरा वॉशरूमला जाऊन येते. तिला वीस मिनिटं लागली. या वयात वेळ लागायचाच, म्हणून मी काही विचारलं नाही. तिच्या कापडी पिशवीकडे मात्र बघायला हवं होतं.

तोरमा म्हणजे आपल्याकडचा उताराच. पिठालोण्याचे सुळके करायचे, रंगवायचे, मंत्र म्हणून वर्षभराची इडापिडा त्यांत घालायची आणि वेशीबाहेर नेऊन टाकायचे. फरक एवढाच की आपला उतारा ओळखू येतो. लिंबू, भात, गुलाल दिसला की माणूस चार पावलं लांबून जातो. तोरमा मात्र दिसतो थेट देवापुढच्या नैवेद्यासारखा, फुलंबिलं लावून सजवलेला. तिठ्यावरचं लिंबू बघून रस्ता बदलणारी माझी आई फसली ती तिथंच. एकदा चाळीस वर्षांपूर्वी फसली, आणि आता पुन्हा परवा.

सांगून टाकायचं की तिला, असं कुणीही म्हणेल. पण आईचं वय अठ्ठ्याहत्तर. बाबा गेल्यावर तिला मी इथं आणलं. हल्ली ती शेजारच्यांची नावं विसरते, लिफ्टमध्ये चुकीचं बटण दाबते, पण लडाखमधला तो एक हिवाळा तिला दिवसवार आठवतो. त्या हिवाळ्यात तिनं लाडू करून अख्खं गाव आपलंसं केलं, ही तिची गोष्ट. दर संक्रांतीला, आधी पुण्यात आणि आता इथल्या मराठी बायकांत, ती ही गोष्ट सांगते, आणि सांगताना तिची पाठ ताठ होते. मी तेवढ्यात गॅस बघून येते म्हणून उठते. इथं इंडक्शन आहे, तरी गॅस बघायलाच जाते. कारण ते लाडू कशाचे होते हे त्या गोष्टीतल्या दोघींपैकी एकीलाच माहीत आहे, आणि ती मी.

आता ती त्याच पदार्थाचे लाडू करून संध्याकाळच्या निरोपाच्या चहाला, त्याच लामांना, स्वतःच्या हातानं वाढणार होती. वर अभिमानानं सांगणारही होती.

बाबांची नोकरी बर्फ मोजण्याची होती. हे मी पुढे पुण्याच्या शाळेत सांगितलं तेव्हा बाईंनी मला खोटं बोलते म्हणून उभं केलं होतं. पण डोंगरावर किती बर्फ पडला हे सरकारला हवं असायचं, आणि त्यासाठी कुणीतरी तिथं जाऊन राहायला लागायचं. बाबा रोज सकाळी खुणा केलेली काठी घेऊन निघायचे, ती बर्फात रोवायचे आणि वहीत आकडा लिहायचे. गावाला त्यांची फार दया यायची. उन्हाळ्यात आपोआप वितळणाऱ्या गोष्टीची एवढी चौकशी हा शिकलेला माणूस का करतो, हे तिथं कुणालाच कळलं नाही. खरं सांगायचं तर आईलाही कळलं नव्हतं.

गाव लहान होतं, आणि वर कड्याला धरून गोम्पा, म्हणजे तिथला मठ. पांढऱ्या भिंती, तांबडी गच्ची, आणि वाऱ्यानं विरलेल्या पताका. पहाटे गच्चीवरून दोन लांबलचक कर्णे वाजायचे. तो आवाज कानापेक्षा पोटात जास्त ऐकू यायचा. पहिल्या दिवशी आईला वाटलं दरड कोसळली. तिनं मला अंथरुणातून उचललं आणि दाराच्या चौकटीत धरून उभी राहिली, आणि बाबा निवांत दाढी करत होते. नंतर त्या आवाजाची इतकी सवय झाली की पुण्याला परतल्यावर कित्येक महिने मला जागच येईना.

तिथले वास अजून माझ्या अंगात आहेत. शुक्पा नावाच्या झुडपाचा धूर, तो सकाळी घराघरांतून निघायचा. लोण्याच्या दिव्यांची काजळी. शेणाच्या गोवऱ्यांवर तापलेली लोखंडी शेगडी, तिच्यावर वाळत टाकलेले लोकरीचे मोजे, आणि सगळ्यावर पसरलेला रॉकेलचा वास, कारण आई रॉकेलच्या स्टोव्हशिवाय कुठल्याच चुलीवर विश्वास ठेवत नसे. आमचे कपडे, पुस्तकं, केस, सगळ्याला हा मिसळलेला वास यायचा. वर्षांनंतर एका पेटीत बाबांची कानटोपी सापडली, ती मी नाकाशी धरून बराच वेळ बसले होते.

आमच्या शेजारी एक म्हातारे लामा राहायचे. त्यांना सगळं गाव मेमे-ले म्हणायचं. मेमे म्हणजे आजोबा, आणि ले म्हणजे आपलं राव किंवा जी. त्यांना दात चार आणि खोकला बारमाही. गावात शाळा होती, पण मास्तर हिवाळ्यात खाली लेहला जायचे, म्हणून दुपारी मी मेमेंच्या खोलीत बसून पाटीवर त्यांची अक्षरं गिरवायची. चुकलं की ते रागवत नसत. प्रार्थनाचक्र फिरवत शांतपणे डोळे मिटून घेत, आणि मला आपलं चुकलंय हे कळे. मला त्या वयात त्यांच्याइतकं जगात कुणी आवडत नव्हतं, बाबासुद्धा नाही. त्यांना माझ्या नावाचा उच्चार जमत नसे, म्हणून ते मला 'बर्फवाल्याची मुलगी' म्हणायचे.

आई मात्र त्या गावात एकटी पडली, आणि तेही चहामुळे. शेजारच्या डोल्करनं पहिल्याच आठवड्यात आम्हांला बोलावलं. तिथला चहा लोण्याचा आणि खारट. आणि तिथली रीत अशी की पाहुण्याचा पेला रिकामा दिसू द्यायचा नाही. नको असेल तर पाहुण्यानं पेला भरलेला तसाच ठेवायचा. आता आईची रीत अशी की पानात नाही आणि पेल्यात तर मुळीच टाकायचं नाही. तिनं पेला संपवला. डोल्करनं भरला. तिनं संपवला. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या आणि दोघींच्या डोळ्यांत भीती होती. आईनं अकरा पेले प्यायलेले मी मोजले. घरी आल्यावर ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडली, आणि त्यानंतर कुणाकडेही जायचं नाव घेईना. चहा पुरे, असं कळवावं एवढी भाषा तिला येत नव्हती. येत होता फक्त जुले हा एक शब्द, जो नमस्कारालाही चालतो आणि आभारालाही.

मग बर्फ पडला, घाट बंद झाला, आणि आई खिडकीशी बसायला लागली. खाली बायका पाण्याला जायच्या, एकमेकींना हाका मारायच्या, आणि ती वरून बघायची. मी नऊ वर्षांची होते, पण आईचं ते बघणं मला आवडायचं नाही. हल्ली बाराव्या मजल्यावरच्या खिडकीत ती तशीच बसते, ते मला त्याहून आवडत नाही.

त्या वर्षी गोम्पातला हिवाळ्यातला उत्सव नेमका संक्रांतीच्या तोंडावर आला. दोन दिवस मुखवट्यांचे नाच. सांगाडे, हरणं, मोठाल्या डोळ्यांचे रागीट देव, आणि मधूनच येऊन बघ्यांच्या तोंडाला पीठ फासणारे दोन विदूषक. आईचं डोकं दुखत होतं म्हणून ती घरीच होती. शेवटच्या संध्याकाळी लामांनी तोरमा वेशीबाहेर नेले, आणि सगळं गाव शिट्ट्या मारत, ओरडत मागून गेलं आणि मागे न बघता परत आलं. मीही जीव खाऊन ओरडले. का ओरडायचं ते ठाऊक नव्हतं, पण असं मोठ्यांच्या परवानगीनं ओरडायला पुन्हा कधी मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाण्याला गेली आणि वाट वाकडी करून वेशीपर्यंत पोचली. तिथं ते सगळे तोरमा बर्फात पडलेले. दगडासारखे गोठलेले, फुलं शाबूत. दोनांना कावळे टोचत होते. आई धावत घरी आली आणि घमेलं घेऊन मला बरोबर चल म्हणाली. देवापुढचं अन्न असं उघड्यावर टाकतात म्हणजे काय, हे ती मला वाटभर सांगत होती. एक बाजू तिनं धरली, एक मी. या प्रकरणात माझाही हात आहे तो असा, घमेल्याच्या कडीला.

घरात तीळ नव्हतेच. गूळ मुठीएवढा, वेलदोडे सहा. आईनं तोरमा शेगडीजवळ ठेवून मऊ केले, वरचा लाल थर सुरीनं खरवडला, तरी आतली लाली गेली नाही. मग पीठ पुन्हा भाजलं, गूळ घातला, जर्दाळूच्या बिया ठेचून घातल्या, आणि गुलाबी लाडू वळले. लग्नानंतर तिची एकही संक्रांत हळदीकुंकवाशिवाय गेली नव्हती. पण बायका आपल्या घरी येणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून तीच निघाली. नेसूची साडी, तिच्यावर बाबांचा सरकारी कोट, पायात बाबांचे बूट, हातात ताट. गुडघाभर बर्फातून ती दारोदार गेली. प्रत्येक दारात जुले म्हणायची, बाईच्या कपाळाला कुंकू लावायची आणि तळहातावर लाडू ठेवायची.

मी तिच्या मागे होते. प्रत्येक दारात तेच झालं. बाई लाडवाकडे बघायची, मग आईकडे, मग पुन्हा लाडवाकडे. आणि मग खायची. सावकाश, एकेक कण चावत, डोळे आईवर ठेवून. आई पुढे सांगताना म्हणायची की एवढा मन लावून खाल्लेला लाडू तिनं आयुष्यात पाहिला नाही. मेमेंकडे तर आम्ही सगळ्यांत आधी गेलो होतो. त्यांनी लाडू वास घेऊन बघितला, थोडा वेळ डोळे मिटले, आणि एक नाही, दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी डोल्कर दारात उभी. हातात लोकर आणि ती कातायची चाती. तिच्यामागे आणखी दोघी. त्या आल्या आणि शेगडीभोवती बसल्या, आणि तो अख्खा हिवाळा रोज येत राहिल्या. आई त्यांना स्वेटरचे टाके शिकवायची, त्या तिला सूत काढायला शिकवायच्या, आणि भाषा एकमेकींची कुणालाच येत नसताना दुपारभर चौघी हसत काय होत्या, हे बाबांना कधीच कळलं नाही. आईनं खिडकीशी बसणं सोडलं. चहा नको असेल तर पेला भरलेलाच ठेवायचा असतो, हेही डोल्करनं तिला खुणांनी शिकवलं.

आणि त्याच आठवड्यात, पाटीवर अक्षर गिरवताना, मी मेमेंना सहज विचारलं की ते लाल सुळके वेशीबाहेर का नेतात. मेमेंनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सगळं समजावून सांगितलं. गावाची आजारपणं, भांडणं, वाईट स्वप्नं, गुरांचे रोग, सगळं त्यांत बांधून टाकतात. मी विचारलं, ते कुणी खाल्लं तर. ते म्हणाले, कुत्री खातात, कावळे खातात. मी विचारलं, आणि माणसांनी.  मेमेंना खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरल्यावर त्यांनी मला ते अक्षर पुन्हा गिरवायला सांगितलं.

तो खोकला माझ्या काळजात घुसला. मेमेंनी दोन लाडू खाल्लेत हे मला माहीत होतं. आईच्या लाडवांनी मेमे मरणार, असं मी त्या दुपारी ठरवून टाकलं. त्यानंतर गावात जे जे झालं ते आमच्या घमेल्यामुळे झालं. डोल्करची दाढ सुजली ती आमच्यामुळे, कुणाचं वासरू लंगडलं ते आमच्यामुळे. मी रोज मेमेंच्या भिंतीला कान लावून खोकला ऐकायची. मंत्र कोरलेल्या दगडांची एक लांब भिंत गावाच्या मध्यावर होती, तिला उजवी घालून फेऱ्या मारायची. बाप्पाला साकडं घातलंच होतं, पण हा प्रदेश त्याच्याकडे येतो की नाही याची खात्री नव्हती, म्हणून गोम्पातल्या हिरव्या तारादेवीलाही घातलं. आईला सांगायची हिंमत मात्र झाली नाही. ती हसायला लागली होती ना.

मे महिन्यात घाट उघडला आणि बाबांची बदली आली. मेमे माझ्या गळ्यात पांढरा रुमाल घालायला रस्त्यापर्यंत आले, आणि आमचा ट्रक वळणाआड जाईपर्यंत खोकत उभे होते. पुढे त्यांचं काय झालं ते मला कधी कळलं नाही. विचारायला सोपं होतं, पत्र टाकायचं होतं. पण उत्तर येईल या भीतीनं मी ते कधी टाकलं नाही.

तर असा रविवार. आई इंडक्शनसमोर स्टूलवर बसून पीठ भाजत होती. मी शेजारी उभी राहून ते करपावं म्हणून वाट बघत होते, पण त्या यंत्रावर काही करपेल तर शपथ. मी म्हटलं, लिटल इंडियातून पेढे आणू या. ती म्हणाली, पेढे कुणीही आणेल. मी म्हटलं, हे बाहेर उघड्यावर पडलेलं होतं. ती म्हणाली, एक रात्रच तर होतं, मी सकाळीच उचललं, मुंग्याही लागल्या नव्हत्या. तिथली एक रात्र आणि इथली वीस मिनिटं यांतला फरकही तिला आता कळेनासा झालाय.

ईराला मी बेडरूममध्ये नेऊन सगळं सांगितलं. ती चौदा वर्षांची आहे आणि इथल्या मुलांसारखी वाक्याच्या शेवटी 'ला' जोडते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सो आजी फेड द होल व्हिलेज देअर ओन बॅड लक?" मी हो म्हटलं. "मम्मी, यू मस्ट टेल हर, ला." मी म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "कॅनॉट, ला." मग आम्ही दोघी पलंगावर बसून राहिलो आणि स्वयंपाकघरातून वेलचीचा वास येत राहिला.

डबा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, विसरायचा, असं मी ठरवलं होतं. सिंगापूरमध्ये हे जमत नाही. बेवारस पिशवी दिसली तर कळवा, असं गाडीत सारखं बजावत असतात. मी पिशवी पायानं सीटखाली सरकवली, तर समोरच्या चिनी आजोबांनी ती उचलून, दोन्ही हातांनी, आईच्या मांडीवर ठेवली. सिटी हॉलला गाडी बदलताना पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा एक शाळकरी मुलगी मागून पळत आली. आई म्हणाली, किती चांगली माणसं आहेत इथली.

सभागृहात केक होते, फळं होती, करंजीसारखे करीपफ होते. लामा एका रांगेत बसून आलेल्यांशी बोलत होते. थोरल्या लामांनी पन्नाशी ओलांडली असेल, चष्मा, हसरे. आई सरळ त्यांच्यापुढे गेली, जुले म्हणाली आणि डबा उघडला. मी तिच्या मागे, नऊ वर्षांची असल्यासारखी.

त्यांनी लाडू उचलला. त्याचा गुलाबी रंग बघितला. वास घेतला. मग खिडकीतून मागच्या झाडाकडे नजर टाकली. आईनं लगेच तिच्या हिंदीत सांगून टाकलं, की हो, तेच, तुम्ही झाडाखाली ठेवलं होतं ते, वाया जात होतं. आणि आम्ही तुमच्या मुलखात राहिलो होतो, तिथंही असेच केले होते आणि अख्ख्या गावाला वाटले होते. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

थोरल्या लामांनी लाडू हातात तसाच धरला. कुठलं गाव, असं विचारलं. आईनं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी बाकीच्या सहा जणांना हाक मारून त्यांच्या भाषेत काही सांगितलं, आणि सहाही जण उठून आमच्याभोवती जमा झाले. थोरले लामा त्याच्या पलीकडच्याच गावचे होते. म्हणाले, ही गोष्ट आमच्या अख्ख्या खोऱ्यात सांगतात. बर्फ मोजणाऱ्या साहेबांच्या बायकोनं वेशीबाहेरचे तोरमा गोळा केले आणि गावाला परत खायला घातले. वर्षभराची पीडा. त्या वर्षी आमच्या गावचे लोक तुमच्या गावी चहासुद्धा घेत नव्हते.

मी आईकडे बघितलं.  डब्याचं झाकण तिच्या हातात होतं, ते ती दोन्ही हातांनी फिरवत राहिली.

"सगळ्यांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"लाल रंग होता, आमा-ले," ते म्हणाले. "आमच्याकडे दोन वर्षांचं पोरही ओळखतं."

"मग खाल्ले कशाला?"

ते म्हणाले, मी लहानपणी हेच माझ्या आईला विचारलं होतं. तिनं सांगितलं, मेमे-लेंनी ते तोरमा स्वतःच्या हातांनी केले होते. तुम्ही त्यांच्या दारातून बाहेर पडलात तसा त्यांनी मागच्या वाटेनं घराघरांत निरोप धाडला. ती बाई पहिल्यांदाच आपणहून कुणाच्या दारात आली आहे, तिचं ताट कुणीही परत पाठवायचं नाही. मी स्वतः दोन खाल्लेत, असा तो निरोप होता.

माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला, मेमेंच्या खोकल्याचा. ते मोठ्यानं हसले. म्हणाले, तो खोकला तर माझ्या जन्माच्या आधीपासूनचा होता, आणि त्याला घेऊन मेमे-ले त्यानंतर वीस वर्षं जगले. मला रडू आलं. पन्नाशीची बाई, हातात करीपफची बशी, आणि मी मुसमुसून रडत होते. ईरा मला टिश्यू देत होती आणि लोकांना सांगत होती की काही नाही, एक जुना माणूस मेला नव्हता.

 "म्हणजे लाडू आवडले म्हणून नव्हत्या येत त्या," आई माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि तिनं डब्याला झाकण लावायला घेतलं. याच क्षणाला मी आयुष्यभर भीत आले होते. 

थोरल्या लामांनी हातातला लाडू अख्खा तोंडात टाकला. मग त्यांनी झाकण हळूच बाजूला सारलं, आणि बाकीच्या सहा जणांनी एकेक करून हात पुढे केला. सगळ्यांत तरुण होता त्यानं आधी थोरल्यांकडे बघितलं, आणि मग त्यानंही घेतला.  सातही जण आईसमोर उभे राहून खात होते.

आई त्यांच्या तोंडांकडे बघत राहिली. एकेकाकडे, सावकाश. मग तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"लाडवांसाठी नव्हत्या आल्या गं त्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी आल्या होत्या."